काथोडआबांची खोड

ताराबाई सकाळी सडा टाकायला बाहेर आल्या, तर ओटीच्या पायरीशी नव्याकोऱ्या कोल्हापुरी चपला. पुरुषाच्या, करकरीत, अंगठ्यापाशी लाल गोंडा असलेल्या. बाहेर चपला म्हणजे आत पाहुणा, हा हिशेब धसईच्या बाजूला लहान पोरालाही येतो. ताराबाईंनी बादली खाली ठेवली, पदर सारखा केला, आत जाऊन चुलीवरच्या चहात कपभर पाणी वाढवलं आणि नवऱ्याला गदागदा हलवलं.

"अवो, उठा. कोन आलंय?"

"कुठं कोन आलंय?" देवजी डोळे न उघडता म्हणाले.

"बाहेर चपला हायत. चांगल्या घरचा दिसतोय."

"मंग मानूस कुठाय?"

"त्येच तं इचारते."

देवजींनी उठून घर धुंडाळलं. माजघरात कुणी नव्हतं, माळ्यावर कुणी नव्हतं, गोठ्यात फक्त म्हैस होती. न्हाणीचं दार तेवढं बंद होतं. देवजींनी ते अदबीने वाजवलं.

"आत कोन?"

"मी," आतून विपुलचा आवाज आला.

"अजून कोन?"

"बाबा, न्हाणीत अजून कोण असणार?"

पाहुण्याचा चहा शेवटी देवजींनीच घेतला. केलेला चहा ओतून देणं त्या घरात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पायरीशी आणखी दोन जोड आले. त्यातला एक बायकी होता, टाचेला उंच आणि वर चमकी चिकटवलेला. या वेळी ताराबाईंनी चहा वाढवला नाही. त्या सरळ मुलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"विपुल, कोन हाय ती?"

"कोण ती?"

"चमकीवाली."

"आई, मला काय माहीत!"

"रविवारी डोळखांबची मानसं घर बगाया येतायत. सुपारी फुटायची बाकी हाय. आनि तुज्या दारात बाईची सॅन्डल? त्यांनी इचारलं तं काय सांगू, माजी हाय म्हनून? ही घालून मी भात लावायला जाते?"

ताराबाईंची काळजी रास्त होती. विपुल मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचा. कामाला बरा, दिसायला बरा, आणि बऱ्याच स्थळांनी 'कळवतो' म्हणून न कळवलेला. अखेर निशिगंधाचं स्थळ आलं. ती शहापूरला रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. तिचे वडील कोंडूशेठ डोळखांबकडचे, गवताच्या धंद्यातले, माणूस वजनदार. मुला-मुलीची पसंती झाली होती. आता मुलीकडचे रविवारी घर बघणार, मनासारखं दिसलं तर तिथंच सुपारी फोडणार. तोवर विपुलच्या नावाला साधा ओरखडाही परवडणारा नव्हता.

आणि तो ओरखडा त्याने स्वतःच छापून आणला होता.

विपुल गोष्टी लिहायचा. घरच्यांनी हे कुणापासून लपवलं नव्हतं, कारण पोराला जडू शकणाऱ्या व्यसनांमध्ये ते सगळ्यात निरुपद्रवी होतं. शहापूरला रोशनचा छापखाना होता. रोशन वर्षभर लग्नपत्रिका छापायचा आणि दिवाळीला एक अंक काढायचा. अंकात सिमेंटच्या, बियाण्याच्या आणि बँजो पार्टीच्या जाहिराती असायच्या. जाहिरातींच्या मधे जी जागा उरायची तिला तो साहित्य म्हणायचा.

पावसाळ्यात विपुल त्याच्याकडे एक गोष्ट घेऊन गेला होता. गोष्टीचा नायक प्रामाणिक, निर्व्यसनी, आईवडिलांच्या पाया पडून झाडं लावायला जाणारा. रोशनने पत्रिका दुमडता दुमडता ती वाचली आणि परत केली.

"हा मानूस नाय रे. हा पत्रिकेवरचा गणपती झाला."

"म्हणजे?"

"म्हणजे लोकं त्याला नमस्कार करतात आनि लगेच खाली बघतात, जेवण किती वाजता हाय."

विपुलला ते लागलं. "मग काय, गुंड घेऊ?"

"गुंड कशाला? मानूस चांगलाच घे. पन त्याला एक खोड दे. मोठी नको, बारकी. आनि त्या खोडीची त्याची त्यालाच लाज वाटली पायजे. निर्लज्ज मानूस गोष्टीत चालत नाय. गुणापाशी वाचक थांबत नाय रे, लाजेपाशी थांबतो. येवढ्या पत्रिका छापल्या मी, लोकं त्यात काय वाचतात म्हायतीय? कुनाचं नाव गाळलंय, त्ये!"

विपुल निघाला तेव्हा रोशनने मागून हाक मारली. "आनि कुनाच्या घरातला उचलू नको हां! मागच्या साली एकानं चुलत्यावर लिवलं, चुलत्यानं माजी काच फोडली. पात्र तुज्या डोक्यातलं पायजे. नवंकोरं."

विपुलने हे फार मनावर घेतलं. कुणाचीही नसलेली खोड शोधायची म्हणून त्याने मनातल्या मनात अख्खा गाव पालथा घातला. थापा मारणं लिहावं तर नवसूकाका अंगावर येणार. दुसऱ्याच्या चुलीत नाक खुपसणं लिहावं तर सकुबाई. बांध कोरणं लिहावं तर अर्धा गाव. बऱ्याच दिवसांनी त्याला एक खोड सुचली, जी त्याने कुणाबद्दल कधीच ऐकली नव्हती. तिच्यातून काथोडआबा जन्माला आले.

काथोडआबा साठीचे, शब्दाला किंमत असलेले. भावाभावांची वाटणी ते करून देणार, रुसलेली सून ते माघारी आणणार. पण लग्नाच्या मांडवातून निघताना आपल्या चपलांशेजारी बरा जोड दिसला की त्यांचे पाय आपोआप त्यात जात. गरज म्हणून नव्हे. घरी त्यांच्या स्वतःच्या कोऱ्या चपला होत्या. पण दाट मुहूर्ताच्या दिवशी माणूस एका मांडवात अक्षता टाकतो, दुसऱ्यात जेवतो, तिसऱ्यात हळदीला टेकतो. बाहेर जीप हॉर्न मारत असते, आणि त्या घाईत कुणाच्या पायाकडे कुणी बघत नाही. मग आबा तो जोड कणग्यामागे लपवायचे आणि आठवडाभर बायकोच्या नजरेला नजर द्यायचे नाहीत. गोष्टीच्या शेवटी ते एका पहाटे सगळे जोड गोणीत भरतात, मास्तरांच्या ओटीवर ठेवतात आणि अनवाणी घरी जातात.

विपुल खूश झाला. कुणाच्याही घरात हात न घालता माणूस उभा केला होता. हिशेब चुकला तो इथंच. ज्या खोडी गावाला ठाऊक असतात त्या एकेकाच्या असतात. जी कुणाचीच ऐकिवात नाही ती पुष्कळांची असू शकते. लाजेने बाहेर पडलेली नसते, एवढंच.

अंक निघाला. गावचे पोलीस पाटील जगन यांनी ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली, देवजीच्या पोराचं नाव छापून आलंय म्हणून. पहिल्या पानाला लोक खदखदून हसले. दुसऱ्या पानावर आबांना नवी चप्पल चावते, पण लंगडलं तर लोक पायाकडे बघतील म्हणून ते ताठ चालतात, तिथं हसू बारीक झालं. शेवटाला कुणीच हसलं नाही. नवसूकाकांना म्हशीची आठवण झाली, सकुबाईंना चुलीवरच्या भाताची. कट्टा झटक्यात मोकळा झाला. कुणीतरी पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले, आणि काथोडआबा एका दिवसात धसईहून सरळगाव, तिथून किन्हवली, तिथून पार डोळखांबपर्यंत चालत गेले.

मग थोड्याच दिवसांत चपला येऊ लागल्या. गोष्टीत मास्तरांची ओटी होती, पण हल्लीचे मास्तर बदलापूरहून येऊन-जाऊन करतात, त्यांची गावात ओटीच नाही. तेव्हा लोकांनी ज्याने लिहिलं त्याची ओटी धरली.

तिसऱ्या दिवशी विपुलच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने रोशनला फोन लावला.

"रोशन, लोक माझ्याकडे चपला घेऊन येतायत."

"मारायला?" रोशनने विचारलं.

"ठेवायला. गोष्ट वाचून."

"अरे मंग जिंकलास की! वाचक लई तं लई एक पत्र लिवतो. तुला त्यांनी पायातलं काढून दिलं! असं पात्र आपल्या तालुक्यात झालं नाय, विपुल."

विपुल त्या दिवशी छाती पुढे काढून कारखान्यात गेला. ही ऐट संध्याकाळपर्यंत टिकली. संध्याकाळी जगन पोलीस पाटील अभिनंदन करायला आले आणि ओटीच्या पायरीवर एक पाय ठेवून तसेच थांबले.

"ही माजी," ते म्हणाले.

ढिगातून त्यांनी एक तपकिरी जोड उचलला. पट्टा हिरव्या दोऱ्याने शिवलेला होता.

"सरळगावच्या हळदीत गेलती. पोलीस पाटील असून अनवाणी घरी आलो मी."

"काका, ती कुणीतरी इथं आणून ठेवली."

"कुनी?"

"ते माहीत नाही."

"मंग हितंच का ठेवली?"

"गोष्ट वाचून लोकांना लाज वाटली. म्हणून."

जगननी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "विपुल, मी लय जनांची बयानं ऐकलीत. येवढं कच्चं कुनी देत नाय रे."

सकाळपर्यंत गावभर झालं. ज्यांच्या चपला गेल्या होत्या ते शोधायला आले. ज्यांनी आणून ठेवल्या होत्या तेही आले, कारण न जाणं बरं दिसलं नसतं. त्या दुसऱ्या लोकांचा आवाज जास्त चढा होता.

"येवढं बारीक कसं लिवता येतं हो?" सकुबाई चारचौघांत म्हणाल्या. "चप्पल कुठं चावते त्ये पन लिवलंय. ज्यानं घातली त्यालाच कळनार ना!"

बाकीच्या सगळ्या बायका चमकीची सॅन्डल उलटीपालटी करून बघत होत्या. सकुबाईंनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"पोराला वळण नाय," नवसूकाका म्हणाले. त्यांनी ढिगातून एक जोड 'ओळखून' घेतला. हरवलेल्यापेक्षा तो बराच नवा असावा, कारण घालताना त्यांना खाली बसावं लागलं. असं आणखी काही जणांनी केलं. ढीग त्यामुळे कमी झाला नाही. फक्त जुना होत गेला.

विपुलने ठरवलं, एकाला तरी रंगेहाथ पकडायचं. एक नाव हाती लागलं की आपण सुटलो. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो दाराच्या फटीला डोळा लावून बसला. फार वाट बघावी लागली नाही. गोठ्याच्या बाजूने एक माणूस घोंगडीखाली काहीतरी धरून आला, ढिगापाशी वाकला, आणि विपुलने धाडकन दार उघडलं.

"बाबा?"

"हळू रे! तुजी आये उठंल."

देवजींच्या हातात काळ्या चामड्याच्या चपला होत्या. त्या कुठं ठेवाव्या हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी त्या मुलाच्याच हातात दिल्या.

"तुमी... तुम्ही पण?" विपुल म्हणाला.

"तुज्या मामाच्या पोरीच्या लग्नात. पाय सुजले व्हते माजे. माजी घट्ट व्हत व्हती. ही सैल दिसली, म्हनलं जरा गाडीपरयंत."

"मग परत का नाही दिली?"

"देताना काय बोलनार? पाहुण्यारावळ्यांत?" देवजी पायरीकडे बघत म्हणाले. "कणग्यामागं टाकली. तू लिवलंयस ना, तसंच." मग त्यांनी एकदम मान वर केली. "ह्ये तुला माज्यावरनं सुचलं का रे?"

"नाही बाबा. शप्पथ. मला काहीच माहीत नव्हतं."

देवजींनी सुटल्यासारखा श्वास सोडला, मुलाच्या हातातला जोड परत घेऊन ढिगात पार खाली सरकवला आणि म्हशीला चारा घालायला निघून गेले. विपुल तिथंच बसून राहिला. आता त्याच्याकडे नाव होतं. फक्त ते कुणाला सांगता येणार नव्हतं.

शनिवारी ताराबाईंनी सूत्रं हातात घेतली. "उद्या पावन्यांच्या म्होरं हा ढीग दिसता कामा नये. तुमी दोघं कायबी करा."

काय करायचं हे देवजींनी सुचवलं आणि स्वतःच झपाट्याने केलं. गोठ्यामागे यंदाच्या पेंढ्याची उडवी नीट रचलेली होती. तिचे चार भारे काढून त्यांनी आत चपला कोंबल्या आणि भारे होते तसे लावले. बाहेरून काडी हललेली दिसत नव्हती.

रविवारी कोंडूशेठ दोन भाऊबंद घेऊन जीपने आले. ते पायरीशी चपला काढायला लागले, तशा ताराबाई पुढे धावल्या.

"नको, नको! तिथं नको! घेऊन या की आत."

"चपला?" कोंडूशेठ म्हणाले.

"हो, हो. घरचंच समजा."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापल्या चपला हातात धरून माजघरात पोहे खाल्ले. बोलणी मात्र ठीक चालली. विपुलने कारखान्याबद्दल सांगितलं, देवजींनी शेताबद्दल. गावातर्फे जगन पोलीस पाटील आणि नवसूकाका बसले होते. या दोघांनी चपलांचा विषय काढला नाही, एवढी गावाची अब्रू राखली.

"पोरगं मितभाषी दिसतं," कोंडूशेठ म्हणाले.

"लय," जगन म्हणाले. "इचारलं तरी बोलत नाय."

मग घर बघणं सुरू झालं. कोंडूशेठांना विहीर पसंत पडली, म्हैस पसंत पडली. गोठ्यामागे वळताच त्यांना उडवी दिसली आणि देवजी लगबगीने त्यांच्यापुढे झाले. गवताच्या धंद्यातला माणूस दुसऱ्याच्या उडवीपुढून नुसता जाऊच शकत नाही. आत दमट आहे का, तापलीय का, हे बघायला त्याचा हात आपसूक आत जातो. कोंडूशेठांनी बोलता बोलता बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात घातला.

ते थांबले. हात बाहेर आला तेव्हा त्यात चमकीची सॅन्डल होती.

त्यांनी ती बाजूला ठेवली आणि पुन्हा हात घातला. या वेळी लाल गोंड्याची कोल्हापुरी निघाली. मग एक भारा आपणहून कलंडला, आणि बाकीच्या स्वतःच बाहेर आल्या.

म्हशीने एकदा मान हलवली.

"पेंढा चांगला वाळलाय," कोंडूशेठ म्हणाले.

"पावनं," जगननी घसा खाकरला, "त्याची आमच्याकडं चौकशी चालू हाय."

ताराबाईंनी तोंडावर पदर घेतला. देवजी चिंचेच्या झाडाकडे असे बघत उभे राहिले की जणू ते आजच उगवलंय. विपुलच्या कानापासून मानेपर्यंत सगळं लाल झालं. निशिगंधाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि गेला. आता जीप सुरू होईल, आणि हेही स्थळ 'कळवतो' म्हणेल.

पण कोंडूशेठ म्हणाले, "तुमी सगळी ओटीवर बसा. मी पोराशी जरा बोलतो."

सगळे गेले. कोंडूशेठ विपुलला उडवीच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेले, मागे वळून बघितलं, आणि आत्तापर्यंतचं 'तुमी' तिथंच टाकून दिलं.

"खरं सांग. तू चोर हायस का लेखक?"

विपुलला प्रश्न कळला नाही. "म्हणजे?"

"ती गोष्ट मी वाचली. परत परत वाचली. तुज्या त्या म्हाताऱ्याला नवी चप्पल चावते, पन तो लंगडत नाय. लंगडला तं लोकं पायाकडं बघतील म्हनून." कोंडूशेठांचा आवाज खाली आला. "ह्ये मी कोनाला बोललो नाय. निशाच्या आयेला पन नाय. तुला कोनी सांगितलं?"

विपुल थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिला. वजनदार कोंडूशेठ पेंढ्याची एक काडी बोटाला गुंडाळत होते आणि सोडवत होते.

"कुणी नाही सांगितलं," तो म्हणाला.

"मंग दोनच गोष्टी होतात. तू स्वतः चोरतोस, तं तुला स्वतःवरनं कळलं. त्ये चालंल. मानूस हाय, पाय जातो. मी समजून घेईन, मी नाय घेनार तं कोन घेईल? पन तू कधी चप्पल उचललीच नसशील, नि नुसता घरी बसून माज्या पोटातलं काढलं असशील..." त्यांनी काडी मोडली. "मंग बाबा, तू माज्या पंक्तीला बसनार, माजं घर बघनार, आनि माघारी जाऊन काय काय काढनार? असा जावय मला झेपनार नाय. पोरगी देनं सोपं हाय, रोज तुज्यासमोर जेवनं कठीण हाय."

विपुलने आयुष्यात स्वतःच्या जिवावर एकच गोष्ट केली होती. काथोडआबा. कुणाचं न उचलता, पाया पडणारा गणपती फेकून देऊन, शब्द शब्द जोडून उभा केलेला माणूस. तो इतका खरा झाला होता की त्याची खात्री पटवणारा माणूस समोर उभा राहून काड्या मोडत होता. असं प्रशस्तिपत्र कुठल्या लेखकाला मिळतं? ते घ्यायचं तर निशिगंधा जाणार होती.

त्याने खाली पाहिलं.

"चोर," तो म्हणाला.

कोंडूशेठांच्या चेहऱ्यावरून मणाचं ओझं उतरलं. त्यांनी विपुलच्या पाठीवर जोरात थाप मारली. ती मायेची होती, पण लागली.

"मला वाटलंच! डोक्यातनं असं निघतच नाय. चल."

ओटीवर येऊन त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "पोरगं खरं बोललं. चपला त्यानंच घेतल्या. तरुणपनी होतं. आमी रागावत नाय. सुपारी काढा!"

एवढा आनंद गावाला कित्येक दिवसांत झाला नव्हता. ज्यांनी ज्यांनी गोणीत घालून, पदराखाली धरून चपला आणल्या होत्या, त्या सगळ्यांची लाज एका माणसाच्या नावावर जमा झाली आणि खाती साफ झाली. बातमी ऐकून सकुबाई धावत आल्या आणि विपुलच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "असू दे रे बाबा. कबूल केलंस, मन मोठं हाय तुजं." नवसूकाकांनी, ढिगातल्या चपला पायात असतानाच, त्याला चार चांगल्या गोष्टी सांगितल्या. जगननी चौकशी तोंडीच मिटवली. ताराबाई मात्र रडल्या.

देवजींवर सगळ्यांची नजर गेली तेव्हा त्यांना बापाच्या नात्याने काहीतरी बोलणं भाग होतं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "कोनावर गेला रं हा!"

विपुलने वडिलांकडे पाहिलं. देवजींनी पाहिलं नाही.

सुपारी फुटली. पाहुणे गेले. संध्याकाळी निशिगंधाचा फोन आला. विपुल तो घेऊन विहिरीपलीकडे गेला.

"बाबा म्हणाले, तुम्ही चपला चोरता," ती म्हणाली.

"हं."

"खूश आहेत. म्हणाले, मानूस साधा हाय, आपल्यातला हाय."

"हं."

"नुसतं हं काय? मला सांगा, खरं आहे?"

उत्तराला न थांबता तीच बोलायला लागली, आधी भरभर आणि मग हळू.

"आमच्या वखारीत गवताच्या गाठींमागं काय असतं ते मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. मला बाबांचा एवढा राग यायचा ना! लग्नाला जायचं म्हटलं की माझं पोट दुखायचं. परत येताना मी त्यांच्या पायांकडे बघायचीच नाही. तुमची गोष्ट वाचली नि पहिल्यांदा वाटलं, अरे, बाबांना पण चावत असणार की. राग गेला. मी ह्या स्थळाला हो म्हटलं ते त्या गोष्टीला. मला वाटलं, ज्याला हे नुसतं बसल्या जागी सुचतं, त्याच्याबरोबर राहता येईल. आता तुम्ही म्हणताय सुचलं नाही, तुम्ही चोरच आहात. मग मी हो कोणाला म्हटलं?"

विपुलने मागे बघितलं. ओटीवर दिवा लागला होता. आपण मुलाला माफ कसं केलं ते देवजी कुणाला तरी सांगत होते. विपुल आणखी थोडा लांब गेला, चिंचेच्या बुंध्याआड उभा राहिला आणि फोनवर हाताचा आडोसा धरला.

"कुणाला सांगणार नाहीस ना?"

"नाही."

"मी कुणाची चप्पल कधी उचलली नाही," तो इतक्या हळू म्हणाला की शब्द जेमतेम बाहेर पडले. "ते सगळं... मी डोक्यातून काढलं. एकट्यानेच."

"बरं झालं," निशिगंधा म्हणाली. तीही आता कुजबुजत होती. "पण बाबांना कळू देऊ नका. कधीच. ते जेवायचे नाहीत तुमच्यासमोर."

"नाही कळू देणार."

"आणि माझ्यावर काही सुचलं तर आधी मला सांगायचं."

"हो," विपुल म्हणाला.

खरं तर वखारीत गाठींमागे डोकावणारी, मांडवातून परतताना बापाच्या पायांकडे न बघता चालणारी ती शाळकरी मुलगी त्याला आत्ताच, बोलता बोलता सुचली होती. पहिलं वाक्यसुद्धा आलं होतं. चोरताना कुणीतरी मनगट धरल्यासारखे त्याचे कान तापले, आणि त्याने घाईघाईने विचारलं, "जेवलीस का?"